मंगळावरचा रविवार

विज्ञानकथा हा वाङ्मयप्रकार आमच्या घरात फारसा आदराने वागवला गेलेला नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे. आमच्या कपाटात संतचरित्रे आहेत, बायबलमधील कथा आहेत, दिवाळी अंकांचे जुने गठ्ठे आहेत. मात्र अंतराळयानांच्या आणि परग्रहवासीयांच्या गोष्टी आम्ही उभयतांनी मुलांच्या सुटीतला विरंगुळा एवढ्याच मानल्या. पुढेपुढे तर त्या गोष्टींविषयी आमच्या मनात थोडी अढीच बसली. त्या अढीचे कारण सांगितल्यावाचून नेसरीची हकिगत सांगता येणार नाही.

आमचा नातू अकरावीत होता. इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात त्याला डॉ. जयंत नारळीकरांची एक कथा होती. पानिपतच्या लढाईत मराठे जिंकले असते तर काय झाले असते, अशी कल्पना करणारी ही कथा मूळ मराठीत 'गंगाधरपंतांचे पानिपत' या नावाची. ती वाचून त्याने नारळीकरांची आणखी पुस्तके मिळवली. एके संध्याकाळी रोजरी संपल्यावर, अजून मेणबत्ती विझवली नव्हती तोच, त्याने विचारले, "आजोबा, विश्वाला सुरुवातच नव्हती असे नारळीकर म्हणतात. मग उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचे काय करायचे?" आम्ही म्हणालो, "असले प्रश्न रोजरीनंतर विचारायचे नसतात."

त्याने ते ऐकले. त्यानंतर तो प्रश्न त्याने रोजरीनंतर विचारला नाही आणि रोजरीआधीही विचारला नाही. पुढे तो शिक्षणासाठी पुण्याला गेला. दृढीकरण संस्काराच्या दिवशी वेदीपाशी ताठ उभा राहिलेला मुलगा रविवारच्या मिस्सेलाही जाईनासा झाला. आम्ही सगळा दोष त्या पुस्तकांवर टाकला. आमच्या त्या एका वाक्याकडे मात्र आमचे लक्षही गेले नाही.

मग गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलै महिन्यात, त्याचा फोन आला. "आजी, वीस तारखेला नेसरीत या दोघेही. विज्ञानकथेचा मेळावा आहे. मी कथा वाचणार आहे." फोन ठेवल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिले. गडहिंग्लज तालुक्यातले नेसरी आम्ही ओळखतो ते तिथल्या खिंडीमुळे आणि प्रतापराव गुजरांच्या स्मारकामुळे. तिथे विज्ञानकथेचा मेळावा! पण नातू स्वतःहून बोलावतो आहे, हे निमंत्रण आम्हांला लहान नव्हते.

मेळाव्यासाठी तोच दिवस का, हेही उमगले. नारळीकर जन्माने कोल्हापूरचे. १९ जुलै १९३८ हा त्यांचा जन्मदिवस. त्याच वर्षी २० मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले होते. आपल्या जिल्ह्यात जन्मलेल्या या माणसाची आठवण करावी, या हेतूने गावातले काही शिक्षक आणि वाचनालयातली मंडळी एकत्र आली होती. जन्मदिवस शनिवारी, म्हणून मेळावा दुसऱ्या दिवशी, रविवारी.

त्या रविवारी पहिली मिस्सा आटोपून आम्ही एस. टी. धरली. पहिले वाचन अब्राहामाचे होते. मम्रेच्या वृक्षांपाशी भर उन्हात तीन अनोळखी माणसे येतात आणि अब्राहाम धावत जाऊन त्यांचे स्वागत करतो, तो प्रसंग. शुभवर्तमान संत लूकचे होते, मार्था आणि मरिया या दोन बहिणींचे. एक पाहुणचारात गुंतलेली, दुसरी प्रभूच्या चरणांशी बसून ऐकणारी. धर्मगुरूंनी प्रवचन चांगले केले. परंतु आमचे चित्त घड्याळाकडे होते. मार्थाचीच जातकुळी आमची.

पाऊस झडीचा होता. भाताची खाचरे तुडुंब भरली होती आणि गाडीच्या फुटक्या खिडकीतून पाणी आत येत होते. नेसरीला उतरून, चिखल तुडवत, एका शाळेच्या सभागृहात पोहोचलो. मेळावा म्हणजे मोठा मंडप, व्यासपीठ, पुढाऱ्यांची रांग असे चित्र आमच्या मनात होते. इथे होती चाळीसेक माणसे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीला टेकवून ठेवलेल्या ओल्या छत्र्या आणि टेबलावर हार घातलेला नारळीकरांचा फोटो. निम्मी हायस्कूलची मुले होती. एका कोपऱ्यात विज्ञानकथांची पुस्तके मांडलेली. त्यांतली काही इतकी वाचलेली की पुठ्ठा दोऱ्याने शिवलेला. पोहे आणि चहा झाला, आणि पडद्यावर चित्रे दाखवायची वेळ येताच वीज गेली. संयोजक शिक्षक हसून म्हणाले, "चित्रे राहू द्या, गोष्ट सांगतो."

त्यांनी सांगितलेली गोष्ट आम्हांला खरोखर नवी होती. मराठीतली विज्ञानकथा ही कालपरवाची हौस आहे असे आम्ही समजत होतो. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीच 'केरळकोकिळ' मासिकाने ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कथा मराठीत आणली होती. १९१५ मध्ये 'मनोरंजन' मासिकात श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही कथा आली. मराठीतली पहिली स्वतंत्र विज्ञानकथा म्हणून तिचे नाव घेतले जाते. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांच्या हाती दिला. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिने विज्ञानकथांच्या स्पर्धा सुरू केल्या.

१९७४ च्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कुणा लेखकाची 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. हे जगताप म्हणजे स्वतः नारळीकर. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी हे नाव घेतले होते. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. केंब्रिजमध्ये नावाजलेला शास्त्रज्ञ आपल्या भाषेतल्या कथास्पर्धेत नाव लपवून उतरतो, परीक्षकांनी कथा पाहावी, कीर्ती पाहू नये म्हणून. हे ऐकून समोरची मुले खुर्चीच्या कडेवर सरकून बसली. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून या नव्या वाटेची दखल घेतली.

शिक्षकांनी मग एक योगायोग सांगितला आणि बोलताना आमच्याकडे पाहून मान लववली. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ९३ वे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), जानेवारी २०२०. त्यानंतरचे, ९४ वे अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर, नाशिक, डिसेंबर २०२१. एका धर्मगुरूच्या हातून अध्यक्षपद गेले ते एका खगोलशास्त्रज्ञाच्या हाती. आम्हांला दोन्ही नावे ठाऊक होती. परंतु ती अशी शेजारी मांडून आम्ही कधी पाहिली नव्हती.

त्यानंतर मुलांच्या कथा. नववीतल्या एका मुलीने नेसरीच्या खिंडीवरच कथा लिहिली होती. २४ फेब्रुवारी १६७४ चा दिवस. तिच्या कथेत प्रतापरावांच्या कानाशी एक यंत्र असते आणि आकाशातला उपग्रह त्यांना बहलोलखानाच्या फौजेचा आकडा सांगतो. सगळे कळते, तरी ते घोडा वळवत नाहीत. मागचे सहा जण मात्र क्षणभर थांबतात. पुढे काय झाले हे तिने लिहिलेच नव्हते. एक वृद्ध गृहस्थ उठून म्हणाले, "इतिहासाशी खेळू नये, बाळ." मुलगी न घाबरता उत्तरली, "खेळले नाही, आजोबा. आकडा कळला तर माणूस थांबतो का, एवढेच विचारले." सभागृहात हशा पिकला, आणि त्यात ते आजोबाही सामील झाले. आम्हांला मात्र आमच्या घरातली ती संध्याकाळ आठवली. या मुलीला प्रश्न विचारल्याबद्दल कुणी गप्प केले नव्हते.

जेवणाआधी एकाने चिठ्ठी पाठवली : विज्ञानकथेत देवाला जागा आहे काय? आम्ही सावरून बसलो. शिक्षक म्हणाले की, देवाला जागा देणारे किंवा नाकारणारे आपण कोण. पण एक गोष्ट सांगतो. विश्व प्रसरण पावत आहे हे १९२७ मध्ये गणिताने मांडणारा आणि १९३१ मध्ये सारे विश्व एका आदिम अणूतून उगम पावले असावे असे सुचवणारा शास्त्रज्ञ बेल्जियमचा एक कॅथलिक धर्मगुरू होता. त्याचे नाव जॉर्ज लमेत्र. त्या कल्पनेला पुढे 'बिग बँग', म्हणजे महास्फोट, हे नाव मिळाले. ते दिले फ्रेड हॉयल यांनी, १९४९ मध्ये रेडिओवरील भाषणात. आणि हॉयल तर त्या कल्पनेचे विरोधक. या हॉयल यांचेच शिष्य आपले नारळीकर. विश्वाला आरंभ नाही, या बाजूने गुरुशिष्य दीर्घकाळ लढले.

सत्तरी ओलांडलेले आम्ही दोघे जन्माने कॅथलिक, आणि फादर लमेत्र यांचे नाव आम्ही प्रथम ऐकले ते नेसरीत, एका हिंदू शिक्षकाच्या तोंडून. आपल्या नातवाने विचारलेल्या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला आपलाच एक धर्मगुरू उभा होता, आणि आम्हांला त्याचा पत्ता नव्हता. घरी आल्यावर आम्ही अधिक वाचले. पोप पायस बारावे यांनी १९५१ मधील भाषणात या सिद्धान्ताची सांगड निर्मितीशी घातली, तेव्हा ती फादर लमेत्र यांनाच रुचली नाही. विज्ञानाचा सिद्धान्त विज्ञानाच्या कसोटीवर उभा राहावा वा पडावा, त्याच्या आधारावर श्रद्धा उभी करू नये, असे त्यांचे मत होते. १९६६ मध्ये मृत्यूपूर्वी काही दिवस त्यांना समजले की, आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे विश्वारंभाचे क्षीण प्रारण सापडले आहे. बहुसंख्य शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूला आले. नारळीकर अखेरपर्यंत आपल्या शंका मांडत राहिले. आरंभ मानणारा धर्मगुरू आपल्या गणिताला धर्माचा टेकू घेऊ देत नाही आणि आरंभ न मानणारा शास्त्रज्ञ बहुमताला भिऊन आपला प्रश्न सोडत नाही. दोघांचाही प्रामाणिकपणा आमच्या त्या एका वाक्यापेक्षा कितीतरी मोठा होता.

आमटीभात झाला. पाऊस थांबेना आणि वीज येईना. नातवाची पाळी आली तेव्हा सभागृहात इतका अंधार होता की मोबाइलच्या उजेडात त्याने कागद धरला.

त्याच्या कथेत नेसरीजवळच्या एका खेड्यातला तरुण मंगळावरच्या वसाहतीत पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रावर कामाला आहे. गावी त्याची आजी एकटी. दर रविवारी मिस्सेहून आल्यावर ती त्याला आवाजी निरोप पाठवते. निरोप पोहोचायला कधी तीन मिनिटे लागतात, कधी बावीस; मंगळ किती दूर आहे त्यावर ते अवलंबून. मंगळावरचा दिवस आपल्या दिवसाहून सुमारे चाळीस मिनिटांनी मोठा. त्यामुळे तिथे छत्तीस-सदतीस दिवस होईपर्यंत पृथ्वीवर एक दिवस अधिक उलटलेला असतो. वसाहतीतले लोक आपल्या सोयीने सुटीचा वार ठरवतात. हा मात्र पाण्याच्या टाकीच्या पत्र्यावर खडूने रेघा ओढून गावचा रविवार वेगळा मोजतो. आजीच्या निरोपाला तो एकाच शब्दाचे उत्तर देतो : "पोहोचले."

साधारण सव्वीस महिन्यांनी सूर्य पृथ्वी आणि मंगळ यांच्या मध्ये येतो आणि सुमारे दोन आठवडे संपर्क थांबतो. कथेतही तसे होते. दोन रविवार निरोपावाचून जातात. संपर्क सुरू झाल्यावर तीन निरोप एकदम येतात. पहिले दोन आजीच्या आवाजातले असतात. तिसरा शेजारणीचा असतो : आजी गेल्या, मिस्सा झाली, सगळा गाव आला होता. तो रेघा मोजून पाहतो. गावी शनिवार असतो. तो कामावर जातो. दुसऱ्या दिवशी मात्र तो यंत्र दुसऱ्याच्या हवाली करून तासभर टाकीपाशी बसून राहतो. कथा इथे संपली.

काही वेळ फक्त पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता. मग एका शिक्षिकेने विचारले, "तुमचा नायक श्रद्धाळू आहे का?" नातू म्हणाला, "मला सांगता येणार नाही. बहुधा त्यालाही सांगता येणार नाही. पण रविवार चुकू नये, असे त्याला वाटते." मग त्याने सांगितले की, ही अडचण केवळ कल्पनेतली नाही. माणूस चंद्रावर उतरला तो बरोबर याच तारखेला, २० जुलै १९६९ रोजी. अमेरिकेत तेव्हा रविवार होता. आपल्याकडे मात्र मध्यरात्र उलटून पावणेदोन वाजले होते, म्हणजे सोमवार लागला होता. चंद्रावर पाऊल ठेवण्यापूर्वी प्रेस्बिटेरियन पंथाच्या बझ ऑल्ड्रिन यांनी यानात बसून भाकर आणि द्राक्षारस घेऊन प्रार्थना केली होती. एप्रिल १९९४ मध्ये 'एंडेव्हर' यानातल्या तिघा कॅथलिक अंतराळवीरांनी रविवारी ख्रिस्तप्रसाद घेतला, तेव्हा पृथ्वीभोवती फिरताना त्यांच्या खिडकीत दर दीड तासाने सूर्य उगवत होता. "तिथे कुणीतरी ठरवावे लागते, आज रविवार आहे म्हणून," तो म्हणाला.

आम्ही खाली पाहत होतो. तो पुण्याला गेल्यापासून दर रविवारी आम्ही त्याला व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवत आलो आहोत. त्याला उत्तर कधी आले नव्हते. तो ते उघडतही नसावा, अशी आमची समजूत होती.

मेळावा संपला. एस. टी. स्टँडवर, छपराखाली, आमच्यापैकी एकीने धीर करून विचारले, "आमचे निरोप तू ऐकतोस?"

"सगळे ठेवलेत, आजी," तो म्हणाला. थोड्या वेळाने तो पुढे बोलला, "पण त्यात एकच प्रश्न असतो. मिस्सेला गेलास का? वाचन काय होते, फादर काय म्हणाले, गायन कसे झाले, हे तुम्ही कधी सांगतच नाही. माझ्या कथेतली आजी सांगते."

आम्हांला उत्तर सुचले नाही. सकाळी ऐकलेली मरिया आता आमच्या ध्यानात आली. तिने प्रभूला काहीच विचारले नव्हते. ती ऐकत बसली होती. गाडीला अवकाश होता, म्हणून आम्ही त्याला त्या दिवशीची वाचने सांगितली. मार्था आणि मरिया त्याला आठवत होत्या. अब्राहामाचे ऐकून त्याने विचारले, "ते तिघे अनोळखी कुठून आले होते, यावर कुणी काही सांगितले आहे का?" आम्ही म्हणालो, "पुष्कळांनी पुष्कळ सांगितले आहे. आम्हांला नीट ठाऊक नाही. फादरांना विचारून कळवू." आयुष्यात प्रथमच आम्ही त्याच्या प्रश्नाला असे उत्तर दिले, आणि ते देताना आमचे काहीच गेले नाही.

त्याच दिवशी रोमजवळ काय घडले ते आम्हांला नंतर वाचायला मिळाले. आम्ही नेसरीत बसलो होतो त्या रविवारी पोप लिओ चौदावे यांनी कास्तेल गांदोल्फो येथील व्हॅटिकन वेधशाळेला भेट दिली, तिथल्या दुर्बिणी पाहिल्या आणि संध्याकाळी त्याच बझ ऑल्ड्रिन यांच्याशी दूरचित्रसंपर्काने संभाषण केले. पुढे ३१ जुलैला, संत इग्नेशियसच्या सणादिवशी, या वेधशाळेच्या संचालकपदी गोव्याचे येशूसंघीय फादर रिचर्ड डिसोझा यांची नेमणूक जाहीर झाली. त्यांच्या आधीचे संचालक ब्रदर गाय कॉन्सोलमान्यो हे तर विज्ञानकथांचे जुने चाहते. विज्ञानकथाप्रेमींच्या मेळाव्यांना ते हौसेने जातात. म्हणजे नेसरीला जाताना आम्ही जे धाडस समजत होतो, ते आपल्या ख्रिस्तसभेतल्या एका व्रतस्थ बंधूने कितीतरी वर्षे आनंदाने केले होते.

वाचकांना अपेक्षा असेल की नातू आता नियमाने मिस्सेला जातो असे आम्ही शेवटी लिहू. तसे घडलेले नाही. नाताळच्या मिस्सेला तो आला, मागच्या बाकावर बसला, आणि आम्ही मागे वळून पाहिले नाही. त्याच्या मनाचे गणित त्याच्यापाशी आणि परमेश्वरापाशी. आमच्या हाती होते ते आम्ही बदलले. दर रविवारच्या निरोपात आम्ही आता प्रश्न विचारत नाही. पहिले वाचन कोणते, शुभवर्तमान कोणते, प्रवचनात काय पटले आणि काय नीट कळले नाही, गायकवृंद कुठे चुकला, दारातल्या पेरूला फळ धरले का, हे सारे आम्ही सांगतो. निरोप कधी तीन मिनिटांचा होतो, कधी फार लांबतो.

उत्तर बहुधा येते. कधी एखादा प्रश्न येतो आणि मग आम्हांला फादरांकडे जावे लागते. पुष्कळदा नुसता एकच शब्द येतो : "पोहोचले."